जीवाश्म समुद्री शंखाची जात ठरवायची आणि लिहायची कशी : बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात दगडांचा नाद असलेली मंडळी कमी नाहीत. कुणी विहीर खणताना निघालेला गोळा दाखवतं, कुणी खडीमशीनवरचा तुकडा. सोबत दोन प्रश्न ठरलेले : हा शंख आहे का, आणि ही नवीन जात आहे का? पहिल्याचं उत्तर आपल्या भागात बहुतेक वेळा 'नाही' असतं. दुसऱ्याचं उत्तर नुसत्या फोटोवरून देता येत नाही, कारण एखादी जात नवीन आहे असं म्हणायचं तर आधी नाव मिळालेल्या जवळच्या सगळ्या जातींशी ती ताडून पाहावी लागते. शंख हाती येणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. पुढचं सगळं काम ताडून पाहण्याचं आहे, आणि ते शिकता येतं. भूशास्त्राची पदवी नसली तरी चालते, चिकाटी मात्र लागते.

आधी पायाखालचा दगड ओळखा

बेळगाव जिल्ह्याचा उत्तरेकडचा मोठा भाग डेक्कन ट्रॅपच्या काळ्या दगडाचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा. लाव्ह्यात शंख मिळत नाहीत. गोकाकच्या धबधब्याखालचा गुलाबीसर टणक दगड आणि रामदुर्ग-सौंदत्तीकडचा कलादगी गटातला दगड पाण्यातल्या गाळापासूनच झालेला आहे. त्यावर लाटांच्या वळ्याही दिसतात. पण तो इतका जुना आहे की तेव्हा कवच असलेला प्राणीच जन्माला आलेला नव्हता. त्यामुळे तिथे 'शंख' दिसला तर तो दुसरं काहीतरी आहे असं धरून चाला. काळ्या दगडातल्या पोकळीत साचलेली गारगोटी, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे, जांभ्या दगडातली वळणदार भोकं, या तिघांनी पुष्कळांना चकवलं आहे.

अपवाद एकच, आणि तो गमतीचा आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अधूनमधून तळ्याच्या गाळाचा पातळ पट्टा सापडतो. गोकाकच्या बाजूला अशा थरांची नोंद आहे. त्यात शंख मिळतात, पण ते गोड्या पाण्यातले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'फायसा प्रिन्सेपी'. सोवरबीने १८४० मध्ये त्याचं वर्णन केलं, हल्ली त्याला 'प्लॅटिफायसा' या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठेवतात. त्याचं तोंड डावीकडे उघडतं, आणि हीच त्याची मोठी खूण. तेव्हा काळ्या दगडांमधल्या पांढरट गाळाच्या पट्ट्यात डावखुरा शंख मिळाला तर आधी गोड्या पाण्याचा विचार करा. बेळगावला समुद्र होता अशी बातमी लगेच गावभर करू नका.

मग समुद्री शंखावर हात बसवायचा कुठे? सगळ्यात जवळ कोकण. चोर्ला घाटाने गोव्यात किंवा आंबोलीवरून वेंगुर्ल्याकडे उतरलात की आजच्या शंखांचं तुलनेचं साहित्य किनाऱ्यावरच पडलेलं असतं. कोकण किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपले एकमेकांना चिकटून झालेला करळ नावाचा दगड मिळतो. वयाने तो अगदी अलीकडचा, पण दगडातून शंख सोडवायचा सराव करायला उत्तम. खरे जुने समुद्री शंख हवेत तर कच्छ, केरळात कोल्लमजवळचे मायोसीन काळाचे थर आणि तमिळनाडूत अरियलूरचे त्याहून बरेच जुने, डायनोसॉरांच्या काळातले क्रिटेशियस थर या प्रसिद्ध जागा. आणि घरबसल्या? फरशीच्या दुकानात जा आणि जैसलमेरची पिवळी फरशी किंवा हाबूर दगड मागा. ओल्या फडक्याने पुसलं की कापलेले शिंपले आणि अमोनाइट (चक्रासारख्या कवचाचे, नामशेष झालेले समुद्री प्राणी) चकाकून उठतात. नाव ठरवायला कापलेला जीवाश्म फारसा उपयोगाचा नाही, पण कवच दगडात कसं बसलेलं असतं ते त्यावरून डोळ्यात भरतं. आपली शहाबादी फरशी त्यासाठी तपासू नका, तीही शंखांच्या आधीची आहे.

किनाऱ्यावरून जिवंत शंख उचलू नका. काही समुद्री शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्टात आहेत. रिकामी, झिजलेली कवचं पुरेत.

पायरी १ : उचलण्याआधी लिहा

जमीन कुणाच्या मालकीची आहे हे विचारून परवानगी घ्या. मग शंख दगडात जसा आहे तसा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. वहीत तारीख, फोनवरचे अक्षांश-रेखांश, थराची जाडी, वरखालच्या थरांचा रंग आणि पोत, शंख थरातून काढला की खाली पडलेला मिळाला, हे सगळं लिहा. या शेवटच्या नोंदीला फार महत्त्व आहे. ओढ्यात पडलेला शंख कुठल्या थरातून आला हे नक्की नसेल तर त्यावर नवी जात उभी करणं धोक्याचं, कारण त्याचं वयच डळमळीत होतं.

प्रत्येक पुडीत चिठ्ठी हवी, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई ओलीत पसरते. चिठ्ठी हरवलेला सुंदर शंख आणि चिठ्ठीसकट असलेला मोडका शंख यात शास्त्राला मोडका हवा असतो.

आणि एकच चांगला निवडून बाकीचे टाकून देऊ नका. लहान, मोठे, तुटके, सगळे घ्या. का ते पुढे येईलच.

पायरी २ : साफसफाई

मऊ टूथब्रश, पाणी, शिवणाची सुई एखाद्या पेनात बसवलेली, आणि भिंग. एवढ्यात बरंच होतं. माती चिकट असेल तर भिजत ठेवून वाट पाहा. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांपैकी काहीही नको. कवच चुन्याचं असतं, आम्लात आधी तेच विरघळतं आणि वरची नक्षी जाते. दगडच आम्लात न विरघळणारा असेल तर प्रयोगशाळेत वेगळ्या युक्त्या आहेत, घरी त्या करू नयेत.

बऱ्याचदा कवच उरलेलंच नसतं. चुन्याची दोन खनिजं, अॅरॅगोनाइट आणि कॅल्साइट. शंखाचं कवच बहुतांशी अॅरॅगोनाइटचं, आणि ते कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतं. मग हाती येतो तो आत साचलेल्या गाळाचा साचा. तो गुळगुळीत असतो, वेटोळ्यांमध्ये रिकामी फट असते, आणि बाहेरची नक्षी त्यावर नसते. नवशिक्यांनी एक नियम पाळावा : नुसत्या आतल्या साच्यावरून जात ठरवू नये. बाहेरचा ठसा शेजारच्या दगडात असेल तर त्यात सिलिकॉन रबर ओतून प्रतिकृती काढा, तिच्यावर गेलेली नक्षी परत दिसते. म्हणून शंख निघाल्यावर रिकामा राहिलेला दगड फेकून देऊ नका.

पायरी ३ : शंख धरायचा कसा

शिखर वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा शंख, डाव्या हाताला आलं तर डावा. बहुतेक समुद्री शंख उजवे असतात.

आपल्याकडे इथे हमखास गोंधळ होतो. देवघरात ज्याला दक्षिणावर्ती म्हणून जपतात तो दुर्मीळ शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबात डावा, आणि नेहमीचा वामावर्ती तो उजवा. पूजेत शंख धरण्याची दिशा उलटी असल्यामुळे असं होतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण वर्णन लिहिताना देवघरातली पद्धत वापरलीत तर वाचणारा भलत्याच कुलात (कुल म्हणजे जवळच्या जीनसांचा गट) शोधत बसेल. जुनी फ्रेंच पुस्तकं चाळताना सावध राहा. त्यांत शंखाची चित्रं शिखर खाली करून छापलेली असतात.

पायरी ४ : अवयव आणि मापं

शब्द पाठ करण्यापेक्षा किनाऱ्यावरून आणलेला एक शंख हातात घेऊन बोट फिरवत जा. अगदी टोकाला एक-दोन मिलिमीटरचा आदिशंख, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं कवच. त्याखाली वेटोळी. दोन वेटोळी मिळतात तो सांधा. सर्वांत खालचं मोठं ते शरीर-वेटोळं. तोंडाचा बाहेरचा ओठ, आतला ओठ, मधला खांब, तळाशी नाभीचं भोक असेल तर ते, आणि तोंडाच्या खालच्या टोकाला पन्हळ आहे की नाही. वेटोळ्याबरोबर फिरत जाणाऱ्या रेघा त्या आडव्या दोऱ्या, त्यांना छेदणाऱ्या त्या उभ्या कडा. सगळ्यात बारीक त्या वाढरेषा.

आदिशंखाकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि तिथेच मोठी माहिती दडलेली असते. आदिशंख बारीक आणि पुष्कळ वेटोळ्यांचा असेल तर पिल्लू समुद्रात तरंगत, खात, दूरवर गेलेलं असतं. मोठा, बोंडासारखा, कमी वेटोळ्यांचा असेल तर ते फार तरंगलेलं नसतं. बाकी कवच हुबेहूब सारखं असलेल्या दोन जाती आदिशंखावरून वेगळ्या निघतात. म्हणून टोक घासू नका. ब्रशसुद्धा हलक्या हाताने.

वाढरेषा तितक्याच मोलाच्या. जीवाश्माचा बाहेरचा ओठ जवळजवळ नेहमी तुटलेला असतो, पण प्रत्येक वाढरेषा ही त्या-त्या वेळी ओठाची कड होती. तिरपा प्रकाश टाकून एक वाढरेषा वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत डोळ्याने सोडवा. ती मध्ये मागे वळते का, किती खोल वळते, कुठल्या दोरीपाशी सगळ्यात मागे जाते, ते कागदावर रेखाटा. तुटलेल्या ओठाचा आकार परत मिळतो. टुरिटेला या उंच, स्क्रूसारख्या शंखात आणि तिच्या भाऊबंदांत तर या वळणावर आणि वरच्या लहान वेटोळ्यांवर कुठली दोरी आधी उगवते, कुठली नंतर, या क्रमावर वर्गीकरण उभं आहे. मोठ्या वेटोळ्यावर पाच दोऱ्या दिसतात म्हणून भागत नाही. शिखराकडे जात जात त्यातल्या कुठल्या नाहीशा होतात ते मोजावं लागतं.

मापं व्हर्निअर कॅलिपरने, ०.१ मिलिमीटरपर्यंत : उंची, रुंदी, तोंडाची उंची, शरीर-वेटोळ्याची उंची. शिखरकोन फोटोवर कोनमापक ठेवून. टोक तुटलं असेल तर 'उरलेली उंची' असं स्पष्ट लिहा, अंदाजाने टोक जोडून पूर्ण उंची सांगू नका.

कवचावर नीटस गोल भोक दिसलं तर ते नक्षीत मोजू नका. नॅटिसिड कुलातले शिकारी शंख दुसऱ्याच्या कवचाला तोंडाशी रुंद, आत निमुळतं भोक पाडतात. वर्णनात त्याची वेगळी नोंद करा, वाचणाऱ्याला आवडते.

पायरी ५ : कुल आणि जीनस

इथे घाई करायला हरकत नाही, कारण चुकलं तरी पुढच्या पायरीत कळतं. उंच, स्क्रूसारखा, गोल तोंडाचा आणि पन्हळ नसलेला : टुरिटेला गट. गोलसर, गुळगुळीत, तळाशी नाभी : नॅटिसिड. उलट्या सुळक्यासारखा, फटीसारखं लांब तोंड : कोनस. कवडी तर सगळ्यांना ठाऊकच. काटे आणि जाड उभ्या कडा, खाली लांब पन्हळ : म्युरिसिड. किनाऱ्यावरच्या शंखांची एक पेटी जवळ ठेवा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा ती जास्त शिकवते. आज मान्य असलेली कुलं आणि जीनस कोणती ते 'मोलस्काबेस' या खुल्या यादीत पाहता येतं. जुन्या ग्रंथात प्रत्येक उंच शंखाला टुरिटेला म्हणून टाकलेलं असतं, ते तसंच उतरवू नका.

एकसारखा आकार म्हणजे नातं, असं मात्र नाही. स्क्रूसारखा आकार शंखांच्या अगदी वेगवेगळ्या कुलांनी स्वतंत्रपणे घेतलेला आहे. आकार, आदिशंख, वाढरेषा आणि तोंड हे चारही एका कुलाकडे बोट दाखवत असतील तरच पुढे जा.

पायरी ६ : आधी कुणाचं नाव आहे का

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. जमीन घेताना आपण आधी मागचे उतारे काढतो, कुणाचा बोजा, कुणाचा हक्क ते बघतो. इथेही तेच. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे लिनिअसच्या 'सिस्टेमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती, म्हणजे १७५८ साल, ही सुरुवात मानतात. तेव्हापासून पुढे त्याच जातीला कुणी नाव दिलेलं असेल तर सहसा जुनं नाव टिकतं आणि नवं रद्द होतं.

भारतातल्या जीवाश्म शंखांसाठी शोधाची सुरुवात 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका' या मालिकेपासून करा. १८५१ मध्ये सुरू झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची ही मालिका. अरियलूरकडच्या क्रिटेशियस शंखांवर या सर्वेक्षणातल्या स्टोलिच्काने १८६७-६८ मध्ये तिथे जे काम छापलं ते आजही प्रत्येकाला उघडावं लागतं. हा माणूस १८७४ मध्ये लडाखच्या वाटेवर वारला, तेव्हा त्याचं वय जेमतेम छत्तीस होतं. इतक्या कमी आयुष्यात त्याने जेवढ्या जाती लिहून ठेवल्या त्या बघितल्या की आपली टाळाटाळ लाजिरवाणी वाटते. कच्छ आणि वायव्य भारताच्या तृतीयक काळासाठी (क्रिटेशियसनंतरचा काळ, मायोसीन त्यातच येतो) व्रेडेनबर्गचं १९२० च्या दशकातलं काम, कोल्लमच्या थरांसाठी १९६१ मध्ये छापलेला डे यांचा ग्रंथ. जुने ग्रंथ 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' आणि 'इंटरनेट आर्काइव्ह'वर फुकट मिळतात. उरलेल्यासाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत रीतसर पत्र लिहून विचारा.

फक्त भारतातलंच बघून थांबू नका. मायोसीन काळात आपला समुद्र पाकिस्तान, इराण, पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया इकडे जोडलेला होता. कच्छचा शंख जावा बेटावर शंभर वर्षांपूर्वी नाव घेऊन बसलेला असू शकतो.

जुळणी करताना चित्रावर फार विसंबू नका, एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी तुटका भाग खुशाल पुरा करून काढला आहे. मजकूर वाचा, मापं ताडा, आणि शक्य असेल तर मूळ नमुन्याचा, म्हणजे ज्या शंखावरून त्या जातीला नाव दिलं त्याचा, फोटो संग्रहालयाकडून मागवा. जे सापडेल त्याची एक यादी करत चला : साल, कुणी, कुठल्या नावाने, पान, चित्र क्रमांक. तुम्ही तो नमुना स्वतः पाहिला असेल तर सालाआधी लहान 'व्ही', शंका असेल तर प्रश्नचिन्ह. ही यादी, जिला पर्यायनामांची यादी म्हणतात, लेखातला सगळ्यात रूक्ष भाग. तरीही जाणकार आधी तीच वाचतो, कारण लेखकाने खरोखर किती शोधलं ते तिथे उघडं पडतं.

यातून बहुतेक वेळा एकच निष्कर्ष निघतो : जात आधीच ठाऊक आहे. हरकत नाही. ठाऊक जात नव्या ठिकाणी किंवा नव्या थरात मिळाली ही सुद्धा छापण्याजोगी नोंद आहे. जवळ जातो पण खात्री नाही, तर 'सीएफ.' लावा. ठाऊक जातीचा नातलग वाटतो पण वेगळा दिसतो, तर 'अॅफ.'. जीनसपलीकडे काही सांगता येत नसेल तर 'एसपी.' लिहून सोडा. नमुना तुटका असताना ओढूनताणून दिलेलं नाव पुढच्या माणसाला निस्तरावं लागतं.

पायरी ७ : फरक किती असला म्हणजे वेगळी जात

म्हणून सगळे नमुने आणायला सांगितलं होतं. एकाच थरातले लहानमोठे ओळीने मांडा. वयानुसार बदल होतात : लहानपणी ठळक असलेल्या कडा मोठेपणी विरतात, ओठ जाड होतो. एकाच वयातही काही रुंद, काही सडपातळ असतात. उंची एका अक्षावर आणि रुंदी दुसऱ्यावर ठेवून आलेख काढा. ठिपक्यांचा एकच लांबट पुंजका झाला आणि तुमचा 'वेगळा' शंख त्यातच कुठेतरी बसला, तर तो वेगळा नाही. दोन पुंजके पडले, मध्ये मोकळी जागा राहिली, आणि नक्षीतला एखादा फरकही त्या पुंजक्यांबरोबरच जात असेल, तर बोलायला जागा आहे. दाबामुळे चेपलेले शंख वेगळे काढा, चेपलेला शंख आलेखावर हमखास नवीन जात बनून बसतो.

माझं मत विचाराल तर एकाच नमुन्यावर नवी जात करू नये. संहिता मनाई करत नाही. पण शंख फार बदलतात, आणि एकट्या नमुन्यावर उभी केलेली पुष्कळ नावं पुढे रद्द झालेली आहेत.

पायरी ८ : वर्णन लिहिणं

क्रम ठरलेला असतो : वर्गीकरणातली जागा, नाव, पर्यायनामांची यादी, नावाचा अर्थ, मूळ नमुना आणि इतर नमुने त्यांच्या क्रमांकासह, मूळ ठिकाण आणि थर, वेगळेपणाचं विधान, वर्णन, मापांचा तक्ता, चर्चा.

वेगळेपणाचं विधान आणि वर्णन ही दोन वेगळी कामं. विधानात फक्त ती लक्षणं जी या जातीला जवळच्या जातींपासून तोडतात, दोन-चार ओळींत. वर्णनात सगळं, वेगळं असो वा नसो, कारण आज बिनमहत्त्वाची वाटणारी दोरी उद्या कुणाला लागेल. वर्णन वरून खाली, बाहेरून आत, एकाच क्रमाने. वाक्यं तुटक चालतात, किंबहुना तुटकच बरी. नमुन्यादाखल एका काल्पनिक शंखाचं :

'शंख मध्यम आकाराचा, उंच, निमुळता. शिखरकोन सुमारे १६ अंश. आदिशंख मिळालेला नाही. उरलेली वेटोळी ९, बाजू किंचित फुगीर, सांधा खोल. प्रत्येक वेटोळ्यावर ३ ठळक आडव्या दोऱ्या. खालची सर्वांत जाड, वरची सर्वांत उशिरा उगवणारी. दोऱ्यांमधल्या जागा दोऱ्यांपेक्षा रुंद, त्यांत बारीक रेघा. वाढरेषा मधल्या दोरीपाशी सर्वाधिक मागे वळलेल्या. तळ चपटा. तोंड तुटलेलं.'

यात 'सुंदर', 'मोठा', 'वैशिष्ट्यपूर्ण' असा एकही शब्द नाही. 'ठळक' आहे, पण ते शेजारच्या बारीक रेघांच्या तुलनेत. आदिशंख मिळाला नाही, तोंड तुटलं, हेही लिहिलं. चर्चेत मात्र मोकळेपणाने युक्तिवाद करा : सगळ्यात जवळच्या जाती कोणत्या, त्यांच्याशी काय जुळतं, काय जुळत नाही, आणि तो फरक वयाचा किंवा चेपण्याचा का नाही.

वर्णन कुठल्याच विशिष्ट भाषेत हवं असं संहिता म्हणत नाही, म्हणजे ते मराठीतही नियमात बसतं. नाव तेवढं रोमन लिपीत पाहिजे. पण जावा बेटावरच्या अभ्यासकाने ते वाचावं असं वाटत असेल तर निदान वेगळेपणाचं विधान इंग्रजीत द्या.

पायरी ९ : फोटो

शिखर वर, प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, शेजारी मिलिमीटरची पट्टी. किमान तोंडाकडून, पाठीकडून, बाजूने आणि शिखरावरून. फोन अगदी जवळ नेलात तर आकार वाकडा येतो, थोडं लांब राहून झूम करा.

नक्षी नीट दिसावी म्हणून जगभर एक जुनी युक्ती वापरतात, ती आपल्या कल्हईवाल्यांना परिचयाची आहे. भांडं तापवून नवसागर टाकला की उठतो तोच पांढरा धूर. काचनळीत चिमूटभर नवसागर तापवायचा आणि तो धूर शंखावर हलकेच फुंकायचा. पातळ पांढरा थर बसतो, डागांचे रंग झाकले जातात आणि प्रत्येक रेघ सावलीसकट उठून दिसते. उघड्यावर करा, धूर नाकात घेऊ नका. फोटो झाल्याबरोबर थर मऊ ब्रशने काढून पाण्याने धुवा, कारण नवसागर हवेतली ओल ओढतो आणि कवचाला खातो. खानापुरात जुलैमध्ये हा उद्योग करू नये, थर बसतो न बसतो तोच पाझरायला लागतो.

पायरी १० : नाव

नाव दोन शब्दांचं. दुसरा शब्द विशेषण असेल तर तो जीनसच्या लिंगाशी जुळवावा लागतो. गावावरून नाव द्यायचं तर पुल्लिंगी-स्त्रीलिंगी जीनसला 'एन्सिस', नपुंसकलिंगीला 'एन्से'. टुरिटेला स्त्रीलिंगी, सेरिथियम नपुंसकलिंगी. पुरुषाच्या नावावरून दिलं तर शेवटी 'आय' हे अक्षर, बाईच्या नावावरून तर 'एई'.

आपल्या जिल्ह्याने एक नाव आधीच दिलेलं आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला गोकाकजवळ चिकदौलीच्या नाल्यात गेंड्याची हाडं मिळाली, आणि १८७४ मध्ये 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका'तच त्याने त्यावर 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' ही जात मांडली. शंखांवर काम करणाऱ्यानेही तो लेख वाचावा. हाडं कुठल्या मातीत, किती खोलीवर होती, हे त्यात किती बारकाईने येतं ते बघण्यासारखं आहे.

गावाचं नाव देताना शंख मिळाला तिथलं द्या. कच्छच्या शंखाला 'बेळगाव' चिकटवायला नियमाची आडकाठी नाही, पण वाचणारा फसतो. स्वतःचं नाव स्वतःच देणं तर नुसतं हसं करून घेणं.

नावामागे लेखक आणि साल येतं. ते कंसात असेल तर समजावं की जात पुढे दुसऱ्या जीनसमध्ये हलवली : लिनिअसने 'टर्बो' म्हणून नोंदवलेला शंख आज 'टुरिटेला टेरेब्रा (लिनिअस, १७५८)' असा लिहितात.

१९९९ नंतरच्या नव्या नावाला काही गोष्टींशिवाय मान्यताच नाही. नाव नवीन आहे असं स्पष्ट म्हटलेलं हवं, वेगळेपण सांगणारा मजकूर हवा, मूळ नमुना ठरवलेला हवा, आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल ते लिहिलेलं हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर त्याआधी 'झूबँक' या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून ती लेखात दाखवावी लागते. व्हॉट्सअॅपवर किंवा व्याख्यानात सांगितलेलं नाव धरलं जात नाही. उलट घोटाळा होतो, म्हणून छापून येईपर्यंत नाव पोटातच ठेवा.

पायरी ११ : नमुना कुठे ठेवायचा

मूळ नमुना घरच्या शोकेसमध्ये नको. क्रमांक देणारा, कुणालाही पाहू देणारा संग्रह हवा : विद्यापीठाचं संग्रहालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा आघारकरसारखी संस्था. लेख पाठवण्याआधी त्यांच्याकडून क्रमांक घ्या, कारण परीक्षक तोच पहिल्यांदा विचारतात.

तोवर घरी ठेवायचं तर लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याचे खोके टाळा. लाकडातून आणि स्वस्त पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघते, ओल असली की ती कवचाला लागते आणि वर पांढरी भुकटी फुलते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे फार लवकर होतं. भुकटी दिसली तर नमुना बाहेर काढून कोरड्या हवेत ठेवा, पुसत बसू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या, आत सिलिका जेलची पुडी आणि चिठ्ठी. कुंद्याचे रिकामे खोके कितीही हाताशी असले तरी नकोत, तुपाच्या वासाला मुंग्या येतात आणि चिठ्ठी आधी खातात. क्रमांक शंखावरच लिहायचा तर नक्षी नसलेल्या जागी, अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा ठिपका वाळवून त्यावर बारीक पेनने. तोच क्रमांक वहीत, चिठ्ठीवर आणि फोटोच्या फाइलच्या नावात.